रोवणा आम्ही करू, तू पेपर दे

सिंदेवाही

प्रिय बाबू,

तुझं नाव, पलटण आणि सध्याचा मुक्काम या पत्रात मुद्दाम घालत नाही. पत्र छापायला देतो आहे, आणि फौजेतल्या माणसाचा पत्ता छापत नसतात एवढं शहाणपण मला तूच शिकवलंस. सिग्नलमध्ये आहेस, नायक झालास, दहाएक वर्षं नोकरी झाली. वाचणाऱ्याला एवढं पुरे.

छापायला अशासाठी देतो की तू फोनवर जे विचारलंस, तेच कोणी ना कोणी दर आठवड्याला माझ्या दुकानात येऊन विचारतो. कधी सुट्टीवर आलेला जवान, कधी त्याची बायको, कधी बाप. नोकरीत राहून शिकायचं तर काय शिकायचं? डिग्री करू की कोर्स करू? की पंधरा वर्षांनी सर्टिफिकेट मिळतंच, तर तोवर थांबू? झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकून बसलेल्या माणसाला लोक वकील, प्राध्यापक आणि ज्योतिषी असं सगळंच समजतात. मी यातला कोणीच नाही. पण कागद मी भरपूर पाहिलेत. कोणता कागद कुठे चालतो आणि कुठे अडतो, हे रोज डोळ्यांसमोर घडतं.

तर तुझं गाऱ्हाणं असं : एमबीएचे दोन पेपर राहिले, सीसीएनएचा अभ्यास अर्ध्यावर आला, तेवढ्यात पलटण हलली आणि आता दोन्ही सोडून द्यावंसं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एमबीए सोडू नको. सीसीएनएची परीक्षा मात्र आत्ता सोड.

सीसीएनए वाईट आहे असं मी म्हणत नाही. सिस्कोच्या त्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राला कंपन्यांत मान आहे आणि सिग्नलच्या माणसाला ते जडही जात नाही. पण त्याची मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर वरच्या पायरीची द्या, नाहीतर त्यांनी सांगितलेलं शिक्षण घेऊन गुण जमवा. यातलं काही केलं नाही तर ते फ्रेम करून लावण्यापुरतं उरतं. फी तीनशे डॉलर. तेवढ्या रुपयांसाठी हमीभावानं दहा क्विंटलच्या वर धान विकावं लागतं, हे तुला सांगायला नको. नायकाला चोवीस वर्षांपर्यंत नोकरी असते आणि हवालदार झालास तर सव्वीस. म्हणजे आज काढलेलं सीसीएनए तू बाहेर पडेपर्यंत चार वेळा शिळं होईल. आणि मधल्या काळात तुझं काम फौजेच्या सामानावर, फौजेच्या पद्धतीनं. ते कागदावर दाखवायला तुला कोणी विचारणारही नाही.

अभ्यास कर, तो कुठे जातो? सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यावर राउटर जोडत बस, तुझ्या ड्युटीलाही उपयोग होईल. परीक्षा मात्र शेवटच्या दीड-दोन वर्षांसाठी ठेव. डीजीआरचे, म्हणजे पुनर्वास महासंचालनालयाचे कोर्सही नोकरीच्या शेवटालाच मिळतात. तेव्हा ताजं प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडशील तर समोरचा तारीख पाहून नाक मुरडणार नाही.

डिग्रीला अशी मुदत नाही. एकदा झाली की मरेपर्यंत आपली. शिवाय ती हळू करायची सोय आहे, आणि हीच गोष्ट बहुतेक जवानांना ठाऊक नसते. इग्नूचं एमबीए दोन वर्षांचं, पण पुरं करायला चार वर्षं मिळतात. बी.ए. तीन वर्षांचं, त्याला सहा. एक सत्र गेलं म्हणून नाव कापलं जात नाही. कॉलेजातल्या पोरांसारखं दोन वर्षांत उरकायचं असं तू मनाशी धरलंस आणि तिथं तुझं गणित बिघडलं. तुला घाई कसली आहे? चार वर्षं फौजेनं तुला कुठेही पाठवलं तरी चार वर्षांत तेवढे पेपर निघतात.

आता त्या पंधरा वर्षांच्या सर्टिफिकेटाबद्दल, कारण तूही एकदा बोलून गेलास की "ते मिळालं की ग्रॅज्युएट तर होतोच सगळे."

एक रिटायर हवालदार माझ्याकडे एका भरतीचा फॉर्म भरायला आले होते. प्लास्टिकच्या फोल्डरात सगळं शिस्तीत लावलेलं : पेन्शनचा कागद, डिस्चार्ज बुक, आणि लॅमिनेट केलेलं ते सर्टिफिकेट. नाव, जन्मतारीख, दहावी असं भरत भरत आम्ही पदवीच्या पानावर आलो. विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, टक्केवारी. तिन्ही रकान्यांपुढे लाल चांदणी. मी विचारलं, "काका, विद्यापीठ काय लिहू?" ते म्हणाले, "इंडियन आर्मी लिही." मी यादी उघडून दाखवली. यादीत देशभरातली विद्यापीठं होती, आर्मी नव्हती. "इतर"वर दाबलं तर टक्केवारी मागितली. टक्के कुठून आणायचे? खालचं बटण राखाडीच राहिलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होते. मग म्हणाले, "आमच्या सुबेदार साहेबांनी तर सांगितलं होतं, डिग्रीच्या बरोबरीचं आहे."

सुबेदार साहेब खोटं बोलले नव्हते, अर्धं बोलले होते. नियम १९८६ पासूनचा आहे. दहावी पास माजी सैनिकाची पंधरा वर्षांची नोकरी झाली असेल, तर केंद्र सरकारच्या गट क मधल्या माजी सैनिकांसाठी राखीव जागांवर, जिथं पदवी मागितली आहे तिथंही, त्याला पात्र धरता येतं. पण ज्या कामाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव हवा, तिथं ही सवलत साधारणपणे लागू पडत नाही. ही सवलत आहे, पदवी नव्हे. एम.ए.च्या, एमबीएच्या प्रवेशाला ती चालत नाही. खुल्या जागेला चालत नाही. आणि नागपूर-पुण्यातल्या कंपनीतल्या एचआरच्या पोरीला तर असा काही कागद असतो हेच माहीत नसतं. राखीव जागेवर क्लार्क व्हायचं असेल तर सर्टिफिकेट उत्तम, जरूर घे. पण त्याच्या भरवशावर पंधरा वर्षं पुस्तक न उघडणं हा घाट्याचा सौदा आहे. हे वाक्य मी दुकानात पाटी लावून ठेवावं असं मला पुष्कळदा वाटतं.

तू बी.ए. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करून टाकलंस म्हणून आज एमबीएच्या दारात उभा तरी राहू शकलास. जाता जाता सांगतो. हे विद्यापीठ १९८९ साली यशवंतराव चव्हाणांच्या नावानं निघालं, आणि १९६२ ला चीनच्या युद्धात हेच यशवंतराव मुंबईहून दिल्लीला गेले ते संरक्षणमंत्री म्हणून. जवानाच्या मार्कशीटवर त्यांचं नाव असणं मला तरी बरोबर वाटतं.

कागदाशिवाय कामाचं काय होतं, हे आपल्या भागाला बाहेरून कोणी शिकवायला नको. शेजारच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ च्या सुमाराला स्वतःच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं लावल्या, पारखल्या. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळाला नाव पडलं एचएमटी. १९९४ साली आपल्या सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यातून 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण काढलं. मूळ काम कोणाचं, यावर पुढे वाद झाला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला दादाजी कळले. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. बुद्धीला डिग्री लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पण बुद्धीच्या मालकाला आपली मालकी सिद्ध करायची वेळ आली की समोरचा पहिल्यांदा कागदच मागतो, हेही त्याच गोष्टीत आहे. तू बॉर्डरवर लाइन टाकतोस, तुटलेली लाइन अंधारात शोधतोस, सेट दुरुस्त करतोस. उद्या बाहेर आल्यावर हे सगळं तुला येतं हे कोण सांगणार? तुझा कमांडिंग ऑफिसर तोवर कुठल्या कुठे बदलून गेलेला असेल.

महूला कोर्सला होतास तेव्हा एका रविवारी भीमजन्मभूमीवर जाऊन आलास आणि फोटो पाठवलास, आठवतं? आपण बाबासाहेबांबद्दल बोलतो, पण त्यांच्या वडिलांबद्दल, सुभेदार रामजी सकपाळांबद्दल, फारसं बोलत नाही. नोकरी आणि शिक्षण एकाच वर्दीत बसवणारा आपल्याकडचा जुना माणूस पाहायचा तर तो हा. तेव्हाच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मुलांसाठी दिवसाची शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाची पदविका घेतली आणि चौदा वर्षं लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. ज्या घरात १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले, ते घर पाटी-पुस्तक असलेल्या सुभेदाराचं होतं. पुढे इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली आणि कितीतरी घरांचा हा दरवाजा मिटला. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. मधल्या त्या पिढ्यांत किती रामजी व्हायचे राहून गेले असतील? मला तर वाटतं, रामजींची ती पदविका हा आपल्या इतिहासातला फार मोठा कागद आहे, आणि त्याचा कोणी पुतळा उभारलेला नाही.

तू म्हणशील, साहेब लोकांचं ठीक असतं. ते खरंच आहे. लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकरांचं उदाहरण मीच दुकानात पोरींना सांगतो. पुण्याच्या एएफएमसीतून डॉक्टर, मग बालरोगतज्ज्ञ, मग लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांतल्या तज्ज्ञ. २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढच्या वर्षी वर्दी उतरवून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पण अधिकाऱ्याला, त्यातून डॉक्टरला, शिकायला पाठवणं हा फौजेच्या कामाचाच भाग आहे. नायकाला अभ्यासासाठी कोणी दोन वर्षं मोकळा सोडत नाही. त्यानं ड्युटीच्या फटीतून वेळ काढायचा असतो. अमेरिकेनं १९४४ साली कायदा करून महायुद्धातून परतलेल्या शिपायांची फी, पुस्तकं आणि घरखर्च उचलला. ७८ लाख माणसं त्यावर शिकली. आपल्याकडे तसं काही होईल तेव्हा होईल. तोवर तुझी सुट्टी हीच तुझी शिष्यवृत्ती, आणि खरी मारामारी तिथंच आहे.

वर्षाला साठ दिवस ॲन्युअल, तीस दिवस कॅज्युअल. बाहेरच्याला वाटतं नव्वद दिवस म्हणजे चैन. प्रवासात किती जातात, गोंदियाला गाडी चुकली की बल्लारशाहची दुसरी मिळेपर्यंत फलाटावर किती काढावे लागतात, ते आपल्याला ठाऊक. उरलेल्या दिवसांवर किती जणांचा डोळा असतो बघ. जून संपता संपता पऱ्हे टाकून होतात, जुलै-ऑगस्टात रोवणा, म्हणजे धानाची लावणी. बाबा म्हणतात, बाबू आला तर बरं, मजूर मिळत नाही. नोव्हेंबरात कापणी. दिवाळीनंतर मंडई, तेव्हा वडशाच्या कंपनीचं नाटक गावात लागलं की मित्र म्हणतात, ये. एप्रिल-मे लग्नांचे. आणि इग्नूच्या परीक्षा कधी? जून आणि डिसेंबर. बरोब्बर त्याच महिन्यांत, ज्यांत तू कधी सुट्टी मागत नाहीस, कारण घरून कोणी बोलवत नाही.

आता सरळ सांगतो, घरातला मोठा म्हणून. रोवण्याला येऊ नको. रोवणा तुझ्याविना होईल. मी दुकान चार दिवस बंद ठेवीन, बायांना रोजी दोन पैसे जास्त देऊ, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्याला चिखलणीचं आधीच सांगून ठेवू. पेपर मात्र तुझ्याविना होणार नाही. बाबांशी मी बोललो आहे. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "मग परीक्षेला तरी पास होऊ दे त्याला." यापेक्षा जास्त होकार आपल्या बाबांकडून अजून कोणाला मिळालेला नाही.

ॲन्युअलचे दोन तुकडे कर. एक डिसेंबरला परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून, दुसरा पोरांच्या उन्हाळी सुट्टीत. सुट्टीचा अर्ज परीक्षेचं वेळापत्रक जोडून आधीच टाक, म्हणजे क्लार्क "नंतर बघू" म्हणणार नाही. ऐनवेळी सुट्टी कापली गेलीच, तर केंद्र पलटणीजवळचं घेता येतं का ते पाहा. इग्नूची फौजेसाठी स्वतंत्र केंद्रं आहेत, एज्युकेशनच्या हवालदाराला विचारलं तर तोच सगळं सांगेल. त्याचं कामच ते आहे आणि त्याच्याकडे कोणी जात नाही. स्वाध्याय म्हणजे असाइनमेंट परीक्षेच्या आधी दोन-दोन महिने लिहून टाक. तीस टक्के गुण त्याचे असतात, ते कुठल्याही पोस्टवर बसून मिळवता येतात. मागच्या वेळी तू रात्रपाळीत लिहिलेली पानं मला व्हॉट्सॲपवर पाठवली होतीस. टॉर्चच्या उजेडात अक्षर तिरकं झालं होतं, पण उत्तरं चांगली होती. मार्केटिंगच्या प्रश्नात तू सिंदेवाहीच्या बाजारातल्या तांदळाच्या आडत्याचं उदाहरण घातलंस, ते वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पुस्तकातलं उदाहरण कोणीही उतरवून काढतो.

आपला मावसभाऊ बघ. गडचिरोलीत पोलिसांच्या सी-६० मध्ये. ही तुकडी १९९० साली उभी राहिली तेव्हापासून तिचं काम असंच आहे की निघायचा निरोप कधी येईल सांगता येत नाही आणि परतायचा दिवस तर नाहीच. त्यानं गोंडवाना विद्यापीठातून एम.ए. केलं. घराजवळ विद्यापीठ आलं ते २०११ ला, त्याआधी आपल्याकडच्या सगळ्या मार्कशीट नागपूरच्या. एका पेपरच्या दिवशी तो जंगलात होता. पेपर गेला. पुढच्या सत्रात दिला आणि पास झाला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, त्यालाही नाही. एखादा पेपर राहिला की तू मात्र सगळं आयुष्य हातातून गेल्यासारखा बोलतोस.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहितो. घरातली धाकटी सून, म्हणजे तुझी बायको, बी.एड.च्या प्रवेशाची माहिती घेऊन माझ्याकडे आली होती. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आधी माझं होऊ दे." का रे? तू वर्षातले नऊ-दहा महिने बाहेर असतोस. इथं पोरांचा अभ्यास, आईचा बीपी आणि बँकेतल्या चकरा तीच काढते, आणि तूही बाहेर निश्चिंत राहतोस तो तिच्याच जिवावर. तुझं एमबीए चार वर्षांत होणार आहे, मग तिनं का थांबायचं? फॉर्म मी भरून ठेवला आहे. तू फक्त हो म्हण. नाही म्हणालास तरी भरला आहे.

आता थोडं कागदाचं, कारण तो माझा धंदा. कमांडिंग ऑफिसरची परवानगी लेखी घे आणि तिची प्रत मला पाठव. बी.ए. झाल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. नसेल तर करून घे, नाहीतर डिस्चार्ज बुकात तू बारावीच राहशील. तुझ्या दहावीच्या सनदेवर आडनाव पुढे आहे, फौजेच्या शीट रोलमध्ये नाव पुढे आणि आडनावात एक अक्षर कमी. आज ते कोणाला टोचत नाही. चौदा वर्षांनी पेन्शन, डिग्री आणि आधार एकाच टेबलावर आले की टोचेल. ही दुरुस्ती नोकरीत असताना एका अर्जात होते, बाहेर आल्यावर प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहिरात आणि राजपत्र करत फिरावं लागतं. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवली आहे. मूळ प्रती आईच्या ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्यांसकट. आणि नोकरीच्या वेबसाइटवर आत्तापासून प्रोफाइल उघडून बसू नको. पलटणीचं नाव, सेटचं नाव, वर्दीतला फोटो तर अजिबात नको. गोड बोलून नोकरी देऊ करणारे त्या वेबसाइटवर का असतात, ते तुम्हा लोकांना दर महिन्याला सांगतातच.

हे सगळं तुझ्यासाठी झालं. पण सकाळी मूल रोडवर धावणारी पोरं पाहिली की मला त्यांची काळजी जास्त वाटते. तुझ्या हातात अजून चौदा वर्षं आहेत, त्यांना मिळाली तर चार. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी ट्रेनिंगला गेली, हिशेब कोणीही करावा. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस आत राहणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन तेविशी-पंचविशीत घरी. त्यांच्यासाठी २०२२ मध्येच एक चांगली गोष्ट जाहीर झाली : इग्नूची तीन वर्षांची कौशल्य पदवी, जिच्यातले निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचेच धरतात. म्हणजे अर्धी डिग्री ते ड्युटी करूनच कमावतात, उरलेली अर्धी लिहून काढायची. भरतीचा फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगतो. बहुतेक जण मान हलवतात आणि विचारतात, "भाऊ, रनिंगला किती मार्क?" वय असं असतं. ज्यांची बारावी चांगली आहे त्यांना मी आणखी एक सांगतो, आर्मी कॅडेट कॉलेज. फौजेत शिपाई म्हणून दोन वर्षं झाली आणि वय वीस ते सत्तावीसच्या आत असलं, तर परीक्षा देऊन देहरादूनला जाता येतं. तिथं जेएनयूची पदवी मिळते आणि पुढे आयएमएतून अधिकारी होऊन बाहेर. हे कॉलेज १९६० साली पुण्यातच सुरू झालं होतं, १९७७ ला देहरादूनला गेलं. तुझं वय त्यातून निघून गेलं, कारण तुला हे वेळेवर सांगणारं आपल्या गावात कोणी नव्हतं. आता तू सुट्टीवर आलास की संध्याकाळी तासभर दुकानात बस आणि या पोरांना सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील, तू वर्दीवाला आहेस.

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म सुटला की मी भरतो, फीही इथूनच जाईल. मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात : एनरोलमेंट नंबर, राहिलेल्या दोन पेपरांचे कोड, आणि सुट्टीचा अर्ज टाकल्याची तारीख. रविवारी फोन करशील तेव्हा कागद-पेन घेऊन बस.

तुझा,
भाऊ